तारे विरुद्ध हातोडे

चूक म्हणावी तर एवढीच झाली, की सूतभरांनी नकाशा नको तितका चांगला काढला. वाईट काढला असता तर कुणीतरी त्यावर चहाचा कप ठेवला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण जाड कागदावर, काळ्या शाईने, उत्तर दिशेच्या बाणासकट काढलेल्या नकाशावर कप ठेवायची सरकारी कचेरीत कुणाची छाती होत नाही. तो फाइलला लागतो. आणि फाइलला लागलेला कागद परत मागणं म्हणजे वाघाच्या तोंडातून घास परत मागणं. वाघ निदान चिडतो तरी. फाइल नुसती पुढे सरकते.

सूतभर हे त्यांचं आडनाव नव्हे. मोजणी कार्यालयात बत्तीस वर्षं ते लोकांच्या हद्दी मोजत आले होते, आणि प्रत्येक मोजणीनंतर दोन्ही पक्षांना बजावत, "सूतभरही इकडचं तिकडे नाही. हवं तर फेरमोजणी करून घ्या." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा मापाची एवढी मोठी बढाई, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना सूतभर म्हणत आणि तोंडावर साहेब. फेरमोजणीत एखादा नकाशा चुकीचा ठरला, तर कचेरीच्या भाषेत त्याला 'नकाशा फिरला' म्हणतात. प्रत्येक मोजणीदाराचे दोनचार तरी फिरलेले असतातच. सूतभरांचा एकही फिरला नव्हता. निवृत्तीला दोन महिने उरले होते, आणि निरोपाच्या प्रमाणपत्रात तसं एक वाक्य घालायचं कार्यालयाने कबूल केलं होतं. असं वाक्य आजवर कुणालाच मिळालं नव्हतं. सूतभर ते मनातल्या मनात रोज वाचत. दाढी करताना तर मोठ्याने वाचत.

आता तो नकाशा. तो होता समुद्राचा, म्हणजे हॉलमधल्या चार फुटी समुद्राचा.

निवृत्तीनंतर काहीतरी हवं म्हणून सूतभरांनी खाऱ्या पाण्याची टाकी आणली होती. मासे दोनच, आणि तेही दुकानदाराने गळ्यात मारलेले. खरा जीव जडला होता तो दगडी पोवळ्यांवर. दुकानदाराने काचेआड बोट दाखवून सांगितलं होतं, "हे जिवंत दगड आहेत, साहेब. वाढतात, खातात."

"जागचे हलतात का?" सूतभरांनी विचारलं.

"छे! बसले की बसले."

सूतभरांचा ऊर भरून आला. खुणेचे दगड रातोरात सरकवणाऱ्या लोकांत ज्याची हयात गेली, त्याला जागचा न हलणारा दगड भेटणं म्हणजे काय, हे इतरांना कळायचं नाही. त्यांनी तीन घेतले. एक गॅलेक्सी, चांदण्यांचा गुच्छ असावा तसा हिरवा. एक हॅमर, ज्याच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला छोटा हातोडा. आणि एक ब्रेन, म्हणजे हुबेहूब मेंदू, फक्त जांभळा.

टाकी आली आणि तिच्यामागोमाग सल्ले आले. खालच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. त्यांनी पायरीवरच हिशेब मांडला. "चारशे लिटर पाणी म्हणजे चारशे किलो. वर वाळू, वर दगड, वर काच. म्हणजे माझ्या पलंगाच्या वर एक म्हैस उभी आहे. आता तुम्ही मोजणीवाले, तुम्हीच सांगा, म्हैस किती दिवस उभी राहील?" त्या दिवसापासून ते स्टुलावर चढून छताच्या भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने तारीख घालू लागले. समोरच्या काकू पाण्यात मीठ कालवताना पाहून समाधानाने म्हणाल्या, "हे बरं केलंत. मिठात काहीही वर्षभर टिकतं." सूतभरांची बायको घरी कपडे शिवायची. तिचं मशीन टाकीसाठी हॉलमधून उठून झोपायच्या खोलीत गेलं होतं. तिने सल्ला दिला नाही, पण त्या आठवड्यात सूतभरांच्या शर्टाचं तुटलेलं बटण तुटलेलंच राहिलं.

आठच दिवसांत हॅमरची डावी बाजू पांढरी पडली. चांगली मूठभर जागा, भाजल्यासारखी. सूतभर धावत दुकानात गेले.

"जवळजवळ ठेवलेत का?" दुकानदार म्हणाला. "अहो, हे भांडकुदळ आहेत. गॅलेक्सी तर महाभांडकुदळ. रात्री लांबलचक हात सोडते आणि शेजाऱ्याला जाळते. ब्रेनजवळ कुणी आलं तर तो पोटातली आतडी बाहेर काढतो आणि समोरच्याला तिथेच पचवतो."

"तुम्ही तर म्हणालात हलत नाहीत!"

"हलत नाहीतच. जागेवर बसून करतात सगळं. मधे वीतभर जागा सोडा, आणि कोण कुठे बसलाय त्याचं एक चित्र काढून आणा. मग सांगतो."

आता चित्र काढून आणा, हे कुणाला सांगतोय याचा त्या माणसाने विचार करायला नको होता का? सूतभरांनी आधी पोवळी हलवली, दोघांच्या मध्ये बरोबर नऊ इंच सोडले, आणि मग रविवारी सकाळी दार लावून बसले. दुसऱ्या कुठल्याही कागदावर त्यांचा हात चालत नसे, म्हणून कचेरीचा छापील कागद घेतला. प्रमाण लिहिलं एकास एक. ठिकाण लिहिलं 'मौजे हॉल, पश्चिम भिंत'. नकाशात परभाषेतली नावं घालायची नाहीत असं परिपत्रक आहे, म्हणून गॅलेक्सीचे तारे झाले, हॅमरचे हातोडे झाले आणि ब्रेनचा मेंदू. खाली शेरे लिहिले, बत्तीस वर्षांच्या सवयीने, अदबीने:

'जमीन बारमाही पाण्याखाली. पाणी खारट. तारे हे रात्री हात लांब करतात. त्यांनी हातोडे यांची डावी बाजू जाळली आहे. मेंदू दिवसा शांत, परंतु कोणी जवळ आल्यास आतडी बाहेर काढून जागीच पचवितो. तारे व हातोडे यांच्यामध्ये नऊ इंच मोकळी जागा सोडली आहे. ती सूतभरही कमीजास्त होणार नाही.'

खाली सही. सही करायची गरज नव्हती, हे त्यांनाही मागाहून पटलं. पण हात गेला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत एक प्रत उतरवून घ्यावी म्हणून नकाशा कचेरीत नेला, आणि नेमकं त्याच वेळी बाहेर मोजणीला बोलावणं आलं. नकाशा टेबलावर राहिला तो जेमतेम दोन तास. तेवढ्यात आवकबाई तिथून गेल्या.

आवकबाई म्हणजे आलेल्या कागदांवर नंबर घालणाऱ्या बाई. टेबलावर बिननंबरी कागद दिसला की त्यांना उघडं मूल दिसल्यासारखं होई. त्यांनी शिक्का मारला, नंबर घातला, आणि मनाने अतिशय चांगल्या असल्यामुळे साहेबांच्या किरकोळ चुकाही दुरुस्त केल्या. मेंदू हे काय कुणाचं आडनाव असतं? त्याचं मेंदे केलं. एकास एक असं कुठे प्रमाण असतं? शून्यं राहिली असणार. त्यांनी तीन घातली. मग कव्हर चढवून वर ठळक लिहिलं, 'तारे विरुद्ध हातोडे. लगतदार: मेंदे. विषय: हद्दीचा वाद व जाळपोळ.' आणि फाइल थेट अधीक्षक मॅडमच्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी सूतभरांना बोलावलं. मॅडम नव्या होत्या, हुशार होत्या, आणि त्यांच्याकडे आजवर पाण्याच्या टाक्या आणि पायवाटा यांच्या वादांपलीकडे काही आलं नव्हतं.

"बसा, साहेब. हे तारे कोण?"

सूतभरांना आपला नकाशा दिसला, आणि त्यावरचा जांभळा शिक्काही दिसला.

"तारे... ते..."

"सही तुमचीच ना?"

"सही माझीच आहे."

इथे खरं तर एका वाक्यात सगळं संपत होतं. मॅडम, ही माझी माशांची टाकी आहे. पण वाक्य ओठावर येईपर्यंत त्याच्या मागून दुसरं आलं. सरकारी कागदावर, स्वतःच्या सहीने, खोट्या जागेचा नकाशा. म्हणजे चौकशी. म्हणजे नकाशा फिरलाच, आणि असा फिरला की कचेरी वर्षानुवर्षं हसत राहणार. प्रमाणपत्रातलं वाक्य त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक अक्षर करून पुसलं जाऊ लागलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सूतभरांनी धरलं.

"माणसं कशी आहेत?" मॅडमनी विचारलं.

"तशी शांत आहेत. जागची हलत नाहीत."

"मग जाळपोळ?"

"हात लांब आहेत त्यांचे."

मॅडमनी गंभीरपणे मान हलवली. लांब हातांचे लोक त्यांना ऐकून ठाऊक होते. "वरपर्यंत पोचतात?"

"प्रवाह असेल तर पोचतात."

"आणि हे मेंदे? आतडी बाहेर काढतात म्हणजे?"

"त्यांचा स्वभावच तसा आहे."

"हातोड्यांनी तक्रार का नाही केली?"

"हातोडे बोलत नाहीत, मॅडम."

"दहशत," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी समासात तो शब्द लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. "साहेब, हे प्रकरण तुम्ही हुडकून काढलंत. दुसरा कुणी असता तर त्याने डोळेझाक केली असती. मी आजच वरच्या कार्यालयाला कळवते."

केबिनमधून बाहेर पडताना सूतभरांना धास्ती वाटत होती, पण कौतुक झाल्याचंही जरा बरं वाटत होतं. माणसाचं मन हे असं असतं, त्याला आपण काय करणार?

पुढच्या पाच आठवड्यांत फाइलने बाळसं धरलं. तारे, हातोडे आणि मेंदे यांना तीन नोटिसा गेल्या. तिन्ही पोस्टातून परत आल्या. 'मौजे हॉल या नावाचे गाव आढळत नाही' असा पोस्टमनचा शेरा होता. नोटीस परत आली, तर ती जागेवर चिकटवायची, दोन पंचांसमक्ष फोटो काढायचा आणि बजावली असं समजायचं, असा नियम आहे. जागा फक्त सूतभरांना ठाऊक होती, म्हणून तिघांच्या नावाची एकच नोटीस चिकटवायचं काम त्यांच्याकडेच आलं.

"हे काय चिकटवताय काचेला?" बायकोने विचारलं.

"नोटीस आहे."

"कुणाला?"

सूतभरांनी तीन बोटांनी तीन पोवळी दाखवली. बायकोने हातातली सुई पदराला टोचली. मग म्हणाली, "अहो, दोन महिने थांबायचं होतं. निवृत्त झाल्यावर माणसं अशी होतात असं ऐकलंय. तुम्ही आधीच सुरू केलंत."

त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग खरं का नाही सांगत?" त्यावर सूतभरांनी प्रमाणपत्रातलं वाक्य म्हणून दाखवलं. तेव्हा तिने पंच म्हणून मुख्याध्यापकांना आणि समोरच्या काकूंना बोलावून आणलं.

मुख्याध्यापकांनी नोटीस वाचली, खिशातून लाल पेन काढलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि दहापैकी सहा गुण देऊन सही केली. काकूंनी सही करण्याआधी एकच शंका काढली, "यांच्यातला हातोडे कोणता? बिचारा वाटतोय तोच ना?" फोटोत मधोमध नोटीस आली, आणि तिच्या कडेने एक मासा वाचत असल्यासारखा डोकावला. कचेरीत हा फोटो पाहून मॅडम म्हणाल्या, "पूरपरिस्थिती फारच वाईट दिसते." आवकबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

नोटीस बजावूनही पक्षकार हजर झाले नाहीत. साहजिकच आहे म्हणा. पण पक्षकार गैरहजर राहिले की अधीक्षकांनी स्वतः जाऊन फेरमोजणी करायची, असा पुढचा नियम. गुरुवार ठरला. सकाळी अकरा.

बुधवारी सूतभरांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. त्यांचा बेत साधा होता. मॅडमना घरी आणायचं, सगळं कबूल करायचं, आणि वर निदान एवढं तरी म्हणायचं, की जागा खोटी असली तरी मोजणी खरी आहे, हवं तर मोजून पाहा. चोरी कबूल, पण काम चोख. म्हणून खात्री करून घ्यायला त्यांनी स्टीलची पट्टी काचेला लावली.

पावणेनऊ इंच.

त्यांनी चष्मा पुसला. पट्टी पुसली. काच पुसली. पावणेनऊ. तारे आणि हातोडे यांच्यातले नऊ इंच पाव इंचाने, म्हणजे चांगले दोन सूत कमी झाले होते. नकाशा फिरला होता. बत्तीस वर्षांत न फिरलेला नकाशा फिरला होता, आणि तो कुणा खोडसाळ शेजाऱ्याने नव्हे, दगडांनी फिरवला होता.

सूतभर मटकन स्टुलावर बसले. बायको हातात अर्धवट शिवलेला झगा घेऊन बाहेर आली.

"काय झालं?"

"दोन सूत."

"मग सरकवा की त्या हातोड्याला जरासं. बघणार कोण आहे?"

बघणार कोण आहे! हेच वाक्य सूतभरांनी बत्तीस वर्षं ऐकलं होतं, सरकवलेल्या दगडांशेजारी उभ्या राहिलेल्या माणसांच्या तोंडून. कितीतरी जणांना त्यांनी त्यावरून झापलं होतं. एका गृहस्थांना तर असं झापलं होतं, की त्यांनी दगड तर परत ठेवलाच, वर ते सूतभरांच्या पाया पडले. ते सगळं आठवत असतानाच सूतभरांनी बाही वर केली आणि हात पाण्यात घातला.

हातोड्याचा दगड हाताला लागला. उचलला तर सहज उचलला जात होता. दोन सूत म्हणजे किती? डोळ्याच्या पापणीएवढं. सूतभरांनी दगड धरून ठेवला आणि त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी दगड सोडला. कणभरही न हलवता सोडला. एवढा मोठा नैतिक विजय मिळवून हात बाहेर काढताना तो ताऱ्यांना घासला, आणि ताऱ्यांना नैतिकतेतलं काही कळत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत उजवा हात उशीसारखा सुजला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल वळ. मुख्याध्यापक पाहायला आले आणि म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." काकूंनी मीठ चोळायचा सल्ला दिला. डॉक्टरने विचारलं, "कशाने झालं?" सूतभर म्हणाले, "हद्दीच्या वादात." डॉक्टरने आणखी काही न विचारता पट्टी बांधली.

गुरुवारी जीप कचेरीतून निघाली. पुढे मॅडम, मागे आवकबाई फाइल पोटाशी धरून, दोन साखळीवाले, तिपाईवरचं मोजणीचं यंत्र, आणि मध्ये गळ्यात हात अडकवलेले सूतभर.

"हाताला काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"ताऱ्यांनी केलं."

आवकबाईंनी फाइल आणखी घट्ट धरली. मॅडम मागे वळल्या. "साहेब, एकटे गेला होतात तुम्ही? या वयात?"

पावणेनऊ निघाल्यापासून रस्ता चुकवावा असंही सूतभरांच्या मनात येऊन गेलं होतं, पण आता ते त्यांच्याने झालं नाही. ते म्हणत गेले, डावीकडे, उजवीकडे, त्या इस्त्रीच्या दुकानाशी, आणि जीप त्यांच्याच इमारतीखाली उभी राहिली. सगळे तीन जिने चढले, आणि पंच म्हणून मुख्याध्यापक आणि काकूही मागोमाग आत आले. साखळीवाल्यांनी यंत्र खांद्यावरून हॉलमध्ये उतरवलं. टाकीत पंप गुरगुरत होता. काचेवर नोटीस अजून होती.

"जागा कुठाय?" मॅडमनी विचारलं.

सूतभरांनी डाव्या हाताने टाकी दाखवली. "हे तारे. हे हातोडे. आणि ते मेंदे, म्हणजे मूळचे मेंदू."

मॅडमनी टाकी पाहिली, नोटीस पाहिली, नोटिशीवरची स्वतःची सही पाहिली आणि सहीखालचे दहापैकी सहा गुणही पाहिले. वरच्या कार्यालयाला पाठवलेली तीन पत्रं त्यांना आठवत असणार, कारण त्यांचा चेहरा हळूहळू मेंद्याच्या रंगाचा झाला. त्या इतका वेळ उभ्या राहिल्या, की मुख्याध्यापकांनी न राहवून खुर्ची पुढे केली.

"वरून उत्तर आलंय," मॅडम शेवटी हळूच म्हणाल्या. "फेरमोजणीचा अहवाल आठ दिवसांत मागवलाय." मग त्यांनी पदर खोचला. "मोजा."

"मॅडम?"

"फेरमोजणीला आलोय ना? मग मोजा!"

साखळी शंभर फुटांची होती. ती हॉलमध्ये पसरताच दारातून निघून काकूंच्या घरात गेली. यंत्राची तिपाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी केली, पण किरण पाण्यात शिरला की वाकडा होई. एकदा माशाचं अंतर आलं, एकदा भिंतीपलीकडच्या कपाटाचं. साखळीवाले घामाघूम झाले. शेवटी सूतभरांची बायको गळ्यातली मापाची टेप काढत पुढे आली. "सरका बाजूला," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाचा खांदा मोजावा तसं काचेवरून तिने तारे ते हातोडे अंतर घेतलं.

"पावणेनऊ."

आवकबाईंनी नकाशा पाहिला. "इथे नऊ लिहिलंय."

सगळ्यांच्या नजरा सूतभरांकडे वळल्या. आता काहीही म्हणता आलं असतं. टेप सैल आहे, काच जाड आहे, पाण्यात वस्तू जवळ दिसतात. बत्तीस वर्षांत लोकांनी त्यांना या सगळ्या सबबी सांगितल्या होत्या आणि त्यांनी एकही ऐकली नव्हती.

"माझा नकाशा चुकला," सूतभर म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते कसं म्हणायचं हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं. फार मोठ्याने म्हटलं गेलं. "फिरला. लिहून घ्या."

आणि त्यांचे डोळे भरले. सुजलेल्या हाताने पुसता येईनात, म्हणून तसेच राहिले.

"काय फिरला?" बायको एकदम कडाडली. टेप हातातच होती. "मॅडम, एक विचारते. शाळा सुरू होताना मी पोरांच्या गणवेशाची मापं घेते. परीक्षेपर्यंत बाह्या आखूड होतात. आई येते भांडायला, म्हणते माप चुकलं. मी म्हणते, बाई, माप नाही चुकलं, तुझं पोरगं जिवंत आहे. हे बसलेत ना पाण्यात, ते रोज खातात. मी देते त्यांना खायला, हे कचेरीत असतात तेव्हा. वाढणार नाहीत तर काय करतील? यांचा नकाशा त्या दिवशी सूतभरही चुकलेला नव्हता. मी घरातच होते. मला दोन तास हॉलमध्ये येऊ दिलं नव्हतं यांनी."

ती पोवळ्यांना खायला घालते, हे सूतभरांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांनी टाकीकडे पाहिलं. नोटिशीमागून हातोड्यांचं एक बोट हलकेच डुलत बाहेर आलं होतं. मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला.

"बाई, लिहा," त्या म्हणाल्या. "समक्ष फेरमोजणी केली. मूळ मोजणी, मोजणीच्या दिवशी, अचूक होती. पक्षकार जिवंत असून वाढत आहेत. सबब कायमची हद्द ठरवता येत नाही. पक्षकारांना समज दिली. त्यांनी ऐकल्याचे दिसत नाही."

"आणि नकाशा?" सूतभरांनी विचारलं.

"लिहा. नकाशा फिरलेला नाही." मॅडम थांबल्या. "जमीन फिरली आहे."

आवकबाईंनी लिहिलं. मुख्याध्यापकांनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि, नोंद घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, लाल पेन खिशातच राहू दिलं. त्यांनी पंच म्हणून सही केली, काकूंनी केली, बायकोने 'फेरमोजणी करणार' या रकान्यात केली. मग कागद सूतभरांपुढे आला.

उजवा हात गळ्यात होता. डाव्याने त्यांना साधी रेघही ओढता येत नसे.

"अंगठा चालेल," मॅडम म्हणाल्या.

सूतभरांनी हजारो लोकांचे अंगठे घेतले होते. माणसाचं मनगट धरून, अंगठा शाईवर टेकवून, चौकटीत नेमका मधोमध. स्वतः कधी दिला नव्हता. बायकोने त्यांचं डावं मनगट धरलं, शाई लावली आणि अंगठा कागदावर दाबला. पण ते थोडे थरथरत होते. अंगठा चौकट सोडून बाहेर गेला, 'मोजणीदार' या शब्दावरच उमटला.

"अगं बाई," आवकबाई कळवळल्या. "दुसरा कागद घेऊ का, साहेब?"

सूतभरांनी वाकून त्या वाकड्या ठशाकडे बराच वेळ पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "असू दे. जिवंत माणसाचा आहे."